लग्नाला अकरा आठवडे: चेहरा ‘उचलणाऱ्या’ इंजेक्शनांची निवड

(रुग्णाच्या लेखी संमतीने. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

वय ५२, एका शाळेच्या मुख्याध्यापिका. सात वर्षांपासून मधुमेह. वर्षभरापूर्वी त्यांचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ९.१ होतं आणि फिजिशियनने चांगलंच सुनावलं होतं. बाईंनी ते मनावर घेतलं. औषधं नीट सुरू केली, रात्रीचा भात सोडला, रोज पहाटे टेकडी चढायला लागल्या. अकरा महिन्यांत ७८ किलोंचे ६४ झाले आणि एचबीए१सी ६.७ वर आलं. रजोनिवृत्तीला तीन वर्षं झाली होती.

मग मुलाचा साखरपुडा झाला. फोटो आले, घरच्या ग्रुपवर पडले आणि ननंदेने विचारलं, “वहिनी, बरं नाही का तुम्हाला?”

अनंत चतुर्दशी होऊन तीन दिवस झाले होते, तेव्हा त्या माझ्यासमोर बसल्या होत्या. “डॉक्टर, आयुष्यात पहिल्यांदा साखर आटोक्यात आणली, त्याचं हे बक्षीस? डिसेंबरात वरमाई म्हणून उभी राहायचंय मला.” लग्नाला बरोबर अकरा आठवडे होते.

तक्रार नेमकी काय होती

त्यांनी आरशासमोर दोन्ही हातांची बोटं कानांपुढे ठेवली आणि कातडी मागे-वर ओढून दाखवली. “एवढंच करून द्या.” या तक्रारीचे जवळजवळ सगळे रुग्ण हेच करून दाखवतात. मी पट्टी लावून मोजलं, तर त्या कातडी दीड-दोन सेंटिमीटर सरकवत होत्या. तेवढं फक्त शस्त्रक्रियेने सरकतं, कुठलंही इंजेक्शन ते करू शकत नाही. हे पहिल्याच भेटीत, कॉफी थंड व्हायच्या आत सांगून टाकावं असं माझं मत आहे. नंतर सांगितलं की ती सबब वाटते.

मोबाइलमध्ये त्यांनी एक जाहिरात जपून ठेवली होती: ‘लिक्विड फेसलिफ्ट’, सहा सिरिंजचं पॅकेज, ‘लंच टाइममध्ये’. खाली कुठल्या औषधाच्या सहा सिरिंज ते लिहिलेलं नव्हतं. मिठाईवाला ‘एक किलो’ म्हणतो आणि कशाचं ते सांगत नाही, तसंच.

तपासणीत काय दिसलं

आधी बसवून पाहिलं, मग हातात आरसा देऊन आडवं केलं. आडवं झाल्यावर जबड्याच्या कडेची लोंबणारी पिशवी बरीचशी नाहीशी झाली. डोळ्यांखालचा आणि गालाच्या मध्याचा खळगा मात्र तसाच राहिला. कानापुढेही एक पन्हळ पडली होती. म्हणजे बाईंना जे ‘ओघळणं’ वाटत होतं, त्यातला मोठा हिस्सा रिकामं होण्याचा होता. गालातली चरबीची उशी वजनाबरोबर गेली आणि तिच्यावरचं कापड सैल पडून खाली सरकलं. त्यात रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन सुमारे ३० टक्क्यांनी घटतं, त्यामुळे कापडही पातळ झालेलं. मानेवरचे स्नायूंचे दोन उभे पट्टे ‘ई’ म्हटल्यावर ताणून दिसत होते, पण सौम्य.

त्वचा गव्हाळ. जिथे जखम किंवा सूज होते तिथे काळा डाग उमटण्याची तिची प्रवृत्ती. जुन्या मुरमांचे डाग त्याची साक्ष देत होते.

तपासणीच्या छापील फॉर्ममध्ये ‘दातांचा सध्या काही त्रास?’ असा प्रश्न आहे. त्यांनी ‘नाही’वर खूण केली. मी ती वाचली आणि पान उलटलं. यावर पुढे परत येईन.

पर्याय कसे तोलले

‘कुठलं इंजेक्शन चांगलं’ हा त्यांचा प्रश्न होता. ही सगळी औषधं एकच काम करत नाहीत, त्यामुळे त्यांची थेट तुलना होत नाही. एक सैल सोडतं, एक भरतं आणि एक शरीराला हळूहळू कोलॅजन बनवायला लावतं. मी कागदावर चेहरा काढून एकेक समजावलं. ते इथे थोडक्यात देते.

बोटुलिनम टॉक्सिन. नसेकडून स्नायूला मिळणारा संदेश हे थांबवतं. मानेचा चपटा स्नायू जबड्याची कड खाली ओढत असतो. त्याला कडेलगत थोडं सैल केलं की कड जराशी रेखीव दिसते, यालाच ‘नेफर्टिटी लिफ्ट’ म्हणतात. परिणाम तीन-पाच दिवसांत सुरू होतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि तीन-चार महिने टिकतो. पण रिकाम्या गालात हे काहीच भरत नाही.

हायलुरॉनिक अॅसिडचे फिलर. हा पदार्थ आपल्या त्वचेत आणि सांध्यांत असतोच. इथे त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधून घट्ट जेल केलेलं असतं. गालाच्या हाडावर टेकवून दिलं की ते खालून आधार देतं. फरक लगेच दिसतो. कुठलं जेल आणि कुठे दिलं त्यानुसार नऊ महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत राहतं. आणि हायलुरॉनिडेज नावाच्या एन्झाइमने ते विरघळवता येतं. या शेवटच्या वाक्याखाली मी पेनाने दोन रेघा मारल्या.

कॅल्शियम हायड्रॉक्सिअॅपेटाइट, म्हणजे बाजारातलं रेडिएस. हाडा-दातांत असतं तेच खनिज, बारीक गोळ्यांच्या रूपात. अमेरिकेत २००६ साली त्याला चेहऱ्यासाठी मान्यता मिळाली. जबड्याच्या कडेला ते फार छान रेघ देतं आणि खूप पातळ करून दिलं तर त्वचा घट्ट करायलाही वापरतात. साधारण वर्षभर टिकतं. मात्र हायलुरॉनिडेजचा त्यावर काही उपयोग नाही. चुकीच्या जागी गेलं तर वाट पाहणं हाच मुख्य उपाय. सीटी स्कॅनमध्येही ते पांढरं दिसतं. पुढे कधी स्कॅन झाला तर रेडिओलॉजिस्टला आधी सांगावं लागतं.

पॉली-एल-लॅक्टिक अॅसिड, म्हणजे स्कल्प्ट्रा. विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्याच्या जातकुळीतलं. अमेरिकेत त्याला २००४ मध्ये मान्यता मिळाली ती एचआयव्हीच्या रुग्णांच्या खोल गेलेल्या गालांसाठी. सौंदर्योपचारासाठी मान्यता २००९ साली आली. यात टोचलेलं पाणी दोन-चार दिवसांत ओसरतं आणि चेहरा होता तसा होतो. मग कोलॅजन महिनोन्‌महिने हळूहळू तयार होत जातं. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने साधारण तीन बैठका. घरी पाच दिवस, दिवसातून पाच वेळा, पाच-पाच मिनिटं मालीश. परिणाम दोन वर्षांपर्यंत टिकू शकतो. गाठी झाल्या तर त्याही विरघळत नाहीत.

खरं सांगायचं तर वजन उतरून एकसारख्या खोल गेलेल्या या चेहऱ्याला कागदावर सर्वांत योग्य औषध स्कल्प्ट्राच होतं. हातात वर्ष असतं तर मी तेच सुचवलं असतं.

स्वतःच्या रक्तातून काढलेल्या, प्लेटलेट्सनी दाट केलेल्या द्रवाने म्हणजे पीआरपीने त्वचेचा पोत थोडा सुधारतो, पण उचलणं नाही. कातडीखाली दोरे घालून ती ओढून धरण्याचा, म्हणजे थ्रेडचा विषय त्यांनी काढला. ते इंजेक्शन नव्हे, आणि इतक्या पातळ, रिकाम्या गालात दोरा बाहेरून जाणवायची मला भीती वाटते. राहता राहिली शस्त्रक्रिया. त्यांनी बोटांनी ओढून दाखवलं होतं त्याचं खरं उत्तर तेच, हे मी सांगितलं आणि प्लास्टिक सर्जनचं नाव लिहून दिलं. त्यांनी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. “सुनेच्या गृहप्रवेशाला बँडेज बांधून उभी राहू?”

काहीच न करणं हाही पर्याय मी मांडला होता. वजन थांबून तीन महिनेसुद्धा झाले नव्हते आणि ते पुन्हा थोडं वाढलं तर चेहराही आपोआप थोडा भरतो.

निर्णयाचे तीन टप्पे

पहिला, औषध कोणतं. तारीख ठरलेली, रुग्ण मधुमेही, चेहऱ्यावर याआधी कधीच काही न केलेलं. या तिन्ही गोष्टी एकाच बाजूला झुकत होत्या: जे लगेच दिसतं आणि नको झालं तर काढता येतं तेच द्यायचं. म्हणून हायलुरॉनिक अॅसिड. स्कल्प्ट्राच्या तीन बैठका लग्नाच्या आधी जेमतेम उरकल्या असत्या आणि फरक मधुचंद्राहून मुलगा-सून परतल्यानंतर दिसला असता.

दुसरा, किती. एक सिरिंज म्हणजे एक मिलिलीटर. मी चहाचा चमचा दाखवला. त्यात पाच मिलिलीटर मावतात, म्हणजे एक सिरिंज त्याचा पाचवा हिस्सा. गेले आहेत चौदा किलो. सगळं परत भरायला गेलं तर चेहरा पुरणपोळीसारखा फुगतो आणि हसताना गाल डोळ्यांवर चढतात. तीन सिरिंजवर थांबायचं ठरलं. माझ्याकडे तेव्हा एका सिरिंजला २६ हजार पडत. आकडा ऐकून त्या म्हणाल्या, “सोन्याचे निदान मोडीत तरी काही येतात. हे विरघळूनच जाणार.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही.

नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी थेट भरून हवी, असा त्यांचा आग्रह होता. मी नाही म्हटलं. चेहऱ्याची मुख्य धमनी त्याच वाटेने वर जाते. फिलर धमनीत गेलं तर कातडी मरू शकते आणि क्वचित ते उलट वाहत डोळ्यापर्यंत पोचलं तर दृष्टी जाते. डोळ्याच्या पडद्याला तास-दीड तास रक्त मिळालं नाही तर हानी कायमची. घडी ही बहुतेकदा वरून सरकलेल्या गालाची सावली असते. आधी गाल सावरू, मग घडीचं बघू, असं ठरवलं.

तिसरा, कधी. मी त्याच आठवड्यात सुरू करू म्हणत होते. त्या म्हणाल्या, “पितृपंधरवडा लागलाय. घटस्थापनेनंतर.” दोन आठवडे गेले. मला तेव्हा ते अंधश्रद्धेचं नुकसान वाटलं. आज वाटतं की ते दोन आठवडे मी रिकामे घालवले.

काय केलं

घटस्थापनेच्या दिवशी, लग्नाला नऊ आठवडे असताना, पहिली बैठक. माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या कॅप्सूल आठवडाभर आधीच बंद केल्या होत्या, त्याने काळं-निळं कमी पडतं. लिपस्टिक-टिकलीशिवाय, एकाच दिव्याखाली पाच कोनांतून फोटो. त्यांना बसवून पांढऱ्या पेन्सिलीने खुणा केल्या, कारण आडव्या माणसाचा चेहरा खोटं बोलतो. गालाच्या हाडावर बाहेरच्या बाजूला सुईने हाडाला टेकून, प्रत्येक ठिकाणी आधी दट्ट्या मागे ओढून रक्त येतंय का पाहिलं आणि मग ०.१ ते ०.२ मिलिलीटर सावकाश दिलं. कानापुढच्या पन्हळीत कॅन्युला म्हणजे बोथट टोकाची पोकळ नळी वापरली. दोन्ही बाजू मिळून दोन सिरिंज. दर टोचण्यानंतर कातडी दाबून सोडायची आणि दोन सेकंदांत रंग परत येतो का, म्हणजे रक्त पोचतंय का, ते बघायचं. फ्रिजमध्ये १५०० युनिटची हायलुरॉनिडेजची कुपी आहे याची सकाळीच खात्री केली होती.

एक बाजू झाल्यावर आरसा दिला. डावा गाल झालेला, उजवा व्हायचा. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “डावी बाजू झोप झालेली वाटते.” ‘तरुण’ हा शब्द आला नाही याचं मला बरं वाटलं.

तीन आठवड्यांनी, लग्नाला सहा आठवडे असताना, दुसरी बैठक. हनुवटीच्या दोन्ही अंगांना जिथे जबड्याची रेघ तुटते तिथे मिळून एक सिरिंज, आणि मानेच्या पट्ट्यांत टॉक्सिन. टॉक्सिन सहा आठवडे आधी दिलं ते मुद्दाम. ओठाजवळ ते पसरलं तर हसू वाकडं होतं आणि ते सरळ व्हायला वेळ हाताशी हवा. नाकाजवळची घडी तोवर अंदाजे एक तृतीयांश कमी झाली होती. तिला हात लावला नाही.

अडचण

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला फोन आला. “डॉक्टर, डावा गाल फुगलाय. गरम लागतोय.” पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर फोटो. मी तो उघडलासुद्धा नाही असं म्हणणार नाही, पण फोटोवर निदान करायचं नाही हा नियम पाळला. “मॅडम, नऊ वाजता या.”

पहिल्या बैठकीला महिना झाला होता, दुसरीला दहा दिवस. डावा गाल लाल, गरम, दाबला की दुखणारा. रंग दोन सेकंदांत परत येत होता, रक्त अडलं की कातडीवर उमटतात ते जाळीदार ठसे नव्हते, आणि महिन्याभरापूर्वीच्या फिलरने धमनी आज तुंबत नाही. मग उरलं काय? फिलरला शरीराने उशिरा दिलेली सुजेची प्रतिक्रिया, फिलरभोवती जंतुसंसर्ग, किंवा तिसरंच काही. आणि समोर मधुमेही रुग्ण.

हात कुपीकडे गेला होता. विरघळवून टाकावं आणि मोकळं व्हावं, हा मोह फार मोठा असतो. पण पेटलेल्या संसर्गात हायलुरॉनिडेज दिलं तर संसर्गाला पसरायला वाट मोकळी होऊ शकते. आधी अँटिबायोटिक, मग एन्झाइम, हा क्रम. मी थांबले आणि सगळं पहिल्यापासून विचारलं. फराळापर्यंत आलो तेव्हा त्या सहज म्हणाल्या, “चकली मी डावीकडून खातच नाही. दाढ ठणकते. वर्ष झालं.”

जीभ दाबायच्या लोखंडी पट्टीच्या मागच्या टोकाने वरची डावी पहिली दाढ हलकेच ठोकली. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

सोनोग्राफीत फिलर जागेवर दिसलं, त्याच्याभोवती पू नव्हता. दंतवैद्याच्या एक्स-रेत दाढेच्या मुळाशी काळी सावली. दुपारपर्यंत दाढ उघडून पू काढला, अँटिबायोटिक सुरू झालं, फिजिशियनला कळवलं. ४८ तासांनी सूज निम्मी, दहाव्या दिवशी गाल शांत. रूट कॅनाल नंतर दोन बैठकांत पूर्ण केलं.

मागे तुरीच्या डाळीएवढी एक टणक गाठ राहिली, डाव्या गालावर, बोटाला लागणारी. लग्नाला तीन आठवडे उरले होते. मधमाशी चावल्यावर कधी अंगावर पित्त उठलं होतं का ते विचारलं, कारण मधमाशीच्या विषात हेच एन्झाइम असतं आणि अॅलर्जी उलटू शकते. हातावर चाचणी घेतली आणि गाठीत थोडंसं एन्झाइम दिलं. गाठ गेली. तिच्याबरोबर आजूबाजूचं थोडं चांगलं फिलरही गेलं आणि डावी बाजू उजवीपेक्षा किंचित उतरली.

परत भरायचं का? त्यांना हवं होतं. मी नको म्हटलं: नुकत्याच सुजून बसलेल्या गालात, अर्धवट झालेल्या दाढेवर, लग्नाच्या तोंडावर सुई घालणार नाही. थोड्या रागावल्या. फोटोग्राफरला उजव्या बाजूने फोटो घ्यायला सांगा, एवढा सल्ला दिला.

परिणाम

फोटो शेजारी ठेवले तर गालाचा खळगा स्पष्ट कमी, जबड्याची रेघ आधीपेक्षा सलग, डोळ्यांखालची सावली फिकट. त्यांनी बोटांनी ओढून दाखवलं होतं त्याच्या चौथाईसुद्धा कातडी वर गेलेली नव्हती. मानेच्या टॉक्सिनने काय मिळालं ते मला फोटोत शोधूनही सापडलं नाही. त्यांनाही नाही. ते पैसे वाया गेले असंच मी मानते. पट्टे सौम्य होते, त्यांना मुळात हात लावायला नको होता.

मी वेगळं काय केलं असतं

दाढेची चूक त्यांची म्हणून मोकळं होता येईल. ‘नाही’वर खूण त्यांनीच केली होती. पण आपल्याकडे दाढ ठणकणं हा ‘त्रास’ नसतो. लोक दुसऱ्या बाजूने खातात आणि विसरतात. फॉर्मने प्रश्न चुकीचा विचारला होता. आता मी तोंडी विचारते, “चकली, पेरू, आइस्क्रीम कोणत्या बाजूने खाता?” मधुमेही रुग्णाला गालात फिलर द्यायचं असेल तर आधी दंतवैद्याची तपासणी आणि एक्स-रे. दाताचं काही काम निघालं तर ते संपून दोन आठवडे झाल्याशिवाय सुई नाही. पितृपंधरवड्याचे ते दोन आठवडे नेमके याच कामाचे होते.

दाढ फिलरमुळे बिघडली नव्हती. पण संसर्गाशेजारी फिलर ठेवून मी स्वतःच निदान अवघड करून घेतलं. गाल रिकामा असता तर कोणत्याही दंतवैद्याने पाच मिनिटांत सांगितलं असतं.

औषधाची निवड मी आजही तीच केली असती. सूज उतरवली ती अँटिबायोटिकने आणि दंतवैद्याने, एन्झाइमचं काम डाळीच्या दाण्याएवढंच होतं. तरी गालात कॅल्शियम किंवा स्कल्प्ट्रा असतं तर, हा विचार त्या दहा रात्री मला सोडत नव्हता.

अकरा आठवडे हाताशी असलेल्या नव्या रुग्णाला आता मी एकच बैठक देते, दुसरी लग्नानंतर.

फेब्रुवारीत त्या अल्बम घेऊन आल्या. वजन ६५. विहिणीच्या पंगतीतला एक फोटो त्यांनी उघडून ठेवला. ननंदेच्या शेजारी बसून त्या तोंडभर हसत होत्या, आणि कॅमेरा नेमका डावीकडून होता. कमी भरलेली बाजू मला दिसली कारण मला ठाऊक होती. आता तारखेची घाई नाही, स्कल्प्ट्राचा विचार करायचा असेल तर हा काळ बरा, असं मी म्हटलं. त्यांनी बैठका आणि खर्च वहीत लिहून घेतला आणि अल्बम मिटला.

“बघू. आधी त्या दाढेला कॅप बसवायची आहे,” म्हणाल्या.